माळेखालची खूण

"सिस्टर, तुमचा दोरा तोकडाय," ज्ञानदा म्हणाली आणि अख्खा सहावीचा वर्ग फिदीफिदी हसला.

दोरा तोकडा नव्हता. तो तिच्याच उंचीचा होता. टाचेपासून डोक्यापर्यंत मापून घ्यायचा, तिथे तोडायचा, बरोबर मधोमध दुमडायचा आणि पोराच्या कमरेभोवती फिरवायचा. टोकाला टोक भिडलं, तर पुढचं पोर. नाही भिडलं, म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त, तर वहीत नाव. ना सुई, ना रक्त. त्यामुळे पोरंही खूश आणि मास्तरही खूश. ज्ञानदाच्या कमरेवर दोऱ्याची दोन टोकं चार बोटं लांब राहिली होती.

"तोकडाय तर तोकडाय," मी म्हटलं. "वेण्या वर धर बघू."

तिने दोन्ही वेण्या वर धरल्या. मानेवर, तुळशीच्या माळेच्या खाली, काळपट मखमलीसारखा पट्टा होता. बोटाला जाडसर लागणारा.

"ती घाण नाहीये हां," ती घाईने म्हणाली. "आई रोज घासते. माळेचा घट्टा आहे तो. बाबा म्हणतात, सगळ्यांना नाही पडत."

माझ्या हातातला दोरा खाली पडला. मी तो उचलला, वहीत तिचं नाव लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. मग आणखी एक. मग आणखी एक.

या गोष्टीला दहा वर्षं झाली. तेव्हा मी शाळा तपासणीच्या पथकात परिचारिका होते. सावरदरा हे आमच्या यादीतलं शेवटचं गाव. आमच्या डॉक्टर, तबस्सुम मणियार, वयाने माझ्या निम्म्या, पण कामात माझ्या दुप्पट. त्यांनी नाशिकच्या एका मेडिकल कॉलेजकडून आठ दिवसांसाठी एक यंत्र मागून आणलं होतं. उजव्या बरगड्यांच्या फटीवर त्याची दांडी टेकवायची, यंत्र कातडीवर टिचकी मारतं, आणि ती टिचकी यकृतातून कशी जाते यावरून आत चरबी किती, कडकपणा किती, ते पडद्यावर दिसतं. दोऱ्याने पोरं चाळायची, यंत्राने नक्की करायची, असा बेत. यंत्र शनिवारी परत जायचं होतं. त्या दिवशी बुधवार होता.

जीपमध्ये बसल्यावर डॉक्टरांनी वही उघडली. "चौदा नावं. पण डांगे सिस्टर, एकाच नावाखाली तीन रेघा?"

"ही आलीच पाहिजे, मॅडम."

"बाकीची तेरा नाही आली तरी चालतील?"

"सगळी आली पाहिजेत. पण ही आलीच पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. त्यांचा हा मोठा गुण. कुठे थांबायचं, ते त्यांना कळायचं.

ज्ञानदा कोण, हे त्या पंचक्रोशीत सांगावं लागत नसे. हरिभक्तपरायण गोरक्ष महाराज थेट्यांची एकुलती एक लेक. सातव्या वर्षी उभी राहून तिने पहिलं कीर्तन केलं. फेटा बांधलेली, गुबगुबीत गालांची ती पोर हात पसरून "माउली" म्हणायची, तेव्हा मंडपातल्या बायांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. माझ्याही. मला कीर्तनाचं वेडच आहे, ते लपवून काय करू? ड्यूटी संपवून मी वीस-वीस मैलांवरच्या सप्ताहाला जायची. थेटे महाराजांचं कीर्तन मी पन्नासदा तरी ऐकलं असेल. आणि लेकीचं कीर्तन झालं की मंडपातली प्रत्येक बाई पुढे होऊन तिच्या तोंडात पेढा घालायची. तो नेमच होऊन बसला होता. नाही म्हणायची तिला मुभा नव्हती. प्रसादाला नाही कसं म्हणणार?

त्याच संध्याकाळी मी महाराजांच्या घरी गेले. गावात सप्ताह चालू होता, चौथा दिवस. महाराज ओसरीवर फेटा सोडून बसले होते.

"रामकृष्णहरी! या, माउली. उद्या ज्ञानदाचं कीर्तन आहे, त्यालाच आला असाल."

"येणारच आहे, महाराज. पण आज दुसऱ्या कामाला आले. ज्ञानदाची एक तपासणी करायची आहे. लिव्हरची."

महाराजांचा चेहरा असा झाला, जसं मी देवळात चपला घालून शिरले.

"कशाची?"

"लिव्हरची. यकृताची. चरबी साठल्याची शंका आहे."

"माउली, लिव्हर कोणाचं जातं? बबन वाघचौऱ्याचं. जो संध्याकाळी कुठल्या गटारात सापडंल ते त्यालाच ठाऊक नसतं. आमच्या घरात सात पिढ्यांची माळ आहे. दारूचा वासही या उंबऱ्याच्या आत आलेला नाही. आणि तुम्ही माझ्या अकरा वर्षांच्या पोरीला लिव्हर चिकटवता?"

"दारूशिवायही होतं, महाराज. पोरांनाही होतं."

"तिला बाळसं आहे. देवाच्या दयेनं खातंपितं घर आहे. लोकांना ते बघवत नाही."

"मानेवरचा पट्टा..."

"माळेचा घट्टा आहे तो!" त्यांचा आवाज चढला. मग त्यांनी स्वतःला आवरलं आणि हळू आवाजात, जे खरं होतं ते बोलले. "पुढच्या महिन्यात तीन सप्ताह आहेत तिचे. 'महाराजाच्या पोरीचं लिव्हर खराब' एवढं एक वाक्य सुटलं ना, तर लोक तिचं नाही, माझं तोंड हुंगायला येतील. उभं कोण करील तिला? आणि ती कीर्तनावाचून जगायची नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे."

दारात महाराजांच्या पत्नी, रोहिणीताई, चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. मी निघाले तेव्हा त्या अंगणापर्यंत आल्या आणि पुटपुटल्या, "चार पायऱ्या चढली तरी धापा टाकती, सिस्टर. शाळेत खेळाच्या तासालाही बसवूनच ठेवत्यात तिला. महाराजांची पोरगी म्हणून."

"तपासणीच्या आधी तीन तास पोटात काही नको," मी म्हटलं. "शुक्रवारी सकाळी. मंदिराच्या ओवरीत."

त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची, ते मला अंधारात समजलं नाही.

ओवरीची जागा मी मुद्दामच धरली होती. शाळेत बोलावलं असतं तर सप्ताह सोडून कोणी आलं नसतं. सरपंचांना जाऊन भेटले, पंगतीच्या पंचांना भेटले. पंचांपैकी एक आजोबा माझ्यावर खेकसले. "सप्ताहात पोरं उपाशी ठेवायची? हा कुठला धर्म?" मी म्हटलं, "नऊची न्याहरी साडेअकराला द्या, एवढंच मागते. ते जमणार नसेल, तर मी स्वतः चुलीपुढे बसते आणि साडेअकरापर्यंत कोणाला वाढू देत नाही." ते आजोबा हसले. "बसाल बी तुम्ही," म्हणाले आणि न्याहरी पुढे ढकलली.

गुरुवारी ज्ञानदाचं कीर्तन ऐकायला मी गेले. शेवटी बायांनी पेढ्यांसाठी रांग लावली, तेव्हा मी उठून बाहेर निघून गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

शुक्रवारी सकाळी आठला ओवरीत खाट मांडली, त्यावर चादर, आडोशाला माझंच जुनं लुगडं. यंत्र लावलं. साडेआठ वाजले. दोन पोरं आली. चौदापैकी दोन.

नऊ वाजता मी मंडपात जाऊन बायांना विचारलं, तर एक जण म्हणाली, "महाराजांची लेक नाय आली, मंग आमची कशाला? त्यांना जे चालंना ते आम्हाला चालतं व्हय?"

डॉक्टर मणियार खाटेच्या कडेला बसून पाय हलवत होत्या. "सिस्टर, उद्या यंत्र परत. मी पाया पडून बघू का कोणाच्या?"

"तुमच्या पाया पडण्याने नाही होणार, मॅडम. थांबा तुम्ही."

मूर्तीपुढे थेटे महाराज गळ्यात वीणा घेऊन पहाऱ्याला उभे होते. सप्ताहात सातही दिवस वीणा जमिनीला टेकत नाही, तिची तारही थांबत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देताना-घेताना दोघंही एकमेकांच्या पाया पडतात, मग तो सरपंच असो की गुराखी. महाराजांचा पहारा आठ ते दहा. पहारा होईपर्यंत ते पाणीसुद्धा घेत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन हात जोडून उभी राहिले.

"अकरा पोरं तुमच्या लेकीकडं बघून थांबलीत, महाराज."

तारेवरचं बोट थांबलं. मंडपातली माणसं बघायला लागली.

"माउली, हे देऊळ आहे."

"म्हणूनच इथे मागते. दुसरीकडे तुम्ही मला हाकलून दिलं असतंत."

त्यांच्या कपाळावरची शीर ताठ झाली. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ठीक. माळकऱ्याचं लिव्हर कसं असतं ते मीच दाखवतो. लावा तुमचं यंत्र मला. स्वच्छ निघालं तर माझ्या लेकीचं नाव पुन्हा काढायचं नाही. कबूल?"

स्वच्छ निघालं तर? बाप स्वच्छ म्हणजे लेक स्वच्छ असं थोडंच असतं? पण शब्दात अडकले असते मी. ती पोर हातची जाणार, आणि तिच्यामागे बाकीचीही.

"आणि नाही निघालं तर?"

"तर ती येईल."

"कबूल," मी म्हटलं.

महाराजांनी इकडेतिकडे पाहिलं. पुढचा विणेकरी दहालाच येणार होता. मग त्यांनी वीणा गळ्यातून काढली आणि माझ्यापुढे धरली. "धरा, माउली. ही वाट तुम्हीच दाखवली."

पांढऱ्या साडीतली, गळ्यात ओळखपत्र लटकवलेली मी. वीणा घेतली. महाराज वाकले आणि माझ्या पायांना हात लावला. मी वाकले. त्या क्षणी आमच्यात भांडण होतं आणि तरी आम्ही एकमेकांच्या पाया पडलो, हे मी अजून विसरलेले नाही.

आडोशाला महाराज उताणे निजले, उजवा हात उशाला. डॉक्टरांनी बरगड्या चाचपल्या. "गार जेली लागेल. मग टिचकी. दहा टिचक्या." मी लुगड्याच्या अलीकडे वीणा छेडत उभी होते. मुखाने नाम चालू होतं आणि कान टिचक्या मोजत होते. एक. दोन. दहा झाल्या. आणखी एक झाली. डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून घेत होत्या.

"उठा, महाराज," अखेर त्या म्हणाल्या. "चरबीचा आकडा अडीचशेच्या आत असावा. तुमचा तीनशे बारा आहे."

"यंत्र खोटंय."

"मलाही वाटलं, म्हणून दोनदा घेतलं."

मग महाराजांचा आवाज आला, कीर्तनातला नव्हे, घरातला. "दारूचा एक थेंब नाही हो, डॉक्टर. मग हे आलं कुठून?"

"रोज रात्री जेवता किती वाजता?"

"कीर्तन संपल्यावर. अकरा. कधी बारा."

"शिरा, बुंदी, साखरेचं दूध. मग गाडीत बसून पुढचं गाव. पाच-सहा तास पाय मुडपून. तुमच्या मांडीला मांडी लावून तीसुद्धा. बरोबर?" डॉक्टर हळू बोलत होत्या. "यकृताला माळ दिसत नाही, महाराज. त्याला फक्त साखर दिसते."

लुगडं बाजूला सारून महाराज बाहेर आले. सदऱ्याची बटणं उलटसुलट लागली होती.

"एक सांगा, माउली. गावात चौदा पोरं निघाली. माझ्याच लेकीवर तुम्ही का एवढ्या टपून बसलात? माझ्या दारात, देवाच्या दारात. का?"

मला दुसरं काही सांगता आलं असतं. ड्यूटी म्हणून, सरकारी काम म्हणून. पण गळ्यात वीणा होती.

"मागच्या वर्षी," मी म्हणाले, "वैशाखातल्या सप्ताहात तिचं कीर्तन झालं. बाया पेढा भरवत होत्या, मीही भरवला. तिने वाकून नमस्कार केला तेव्हा मला तिची मान दिसली. तो पट्टा. अठ्ठावीस वर्षं नोकरी केली मी, महाराज. असा पट्टा म्हणजे शरीराला साखर पेलेनाशी झाल्याची खूण. असा पट्टा दुसऱ्या कुठल्या पोराच्या मानेवर दिसला असता, तर मी तिथल्या तिथे विचारलं असतं, काय खातो, किती झोपतो, घरात साखरेचा आजार कोणाला आहे. तिच्या मानेवर मी बोट ठेवलं. आणि ते बोट कपाळाला लावलं."

महाराजांनी उलटं लागलेलं एक बटण सोडलं.

"मला वाटलं, माळेची खूण आहे. केवढं भाग्य पोरीचं. पाया पडले मी त्या खुणेच्या आणि वर दुसरा पेढा दिला. वर्ष गेलं. परवा वर्गात तीच मान माझ्यासमोर आली. तुमच्याकडून चूक झाली ती तुम्हाला ठाऊक नव्हतं म्हणून. मला ठाऊक होतं. तुम्ही हाकला, शिव्या द्या, मी हलणार नाही. एक वर्ष मी घालवलंय तिचं, दुसरं घालवणार नाही."

वीणेची तार मी छेडत होते की नाही, मला आठवत नाही. महाराजांनी हात पुढे केला आणि माझ्या बोटावर बोट ठेवून तार छेडली. नियम मोडू नये म्हणून असेल. मग मंडपाकडे वळून त्यांनी हाक मारली, "ज्ञानदा!"

ती आईचा हात धरून खांबाशीच उभी होती. महाराज रोहिणीताईंना म्हणाले, "तिनं न्याहरी केली असंल. आता तीन तास..."

"रात्रीपासून पोटात कण नाही तिच्या," रोहिणीताई म्हणाल्या. "मी दिलाच नाही. दूधसुद्धा."

महाराजांनी बायकोकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते.

ज्ञानदा खाटेवर चढली. "दुखेल?"

"पखवाजवाला बोटाने थाप देऊन पाहतो ना, पुडीवरची कणीक नीट बसली का? तेवढंच," मी लुगड्याच्या अलीकडून म्हणाले. "आज पखवाज तू."

ती खुदकन हसली आणि डॉक्टर ओरडल्या, "हसू नकोस गं, आकडा पळतोय!"

दहा टिचक्या झाल्या. डॉक्टरांनी आम्हा तिघांना आत घेतलं. "चरबी आहे. दोनशे शहाऐंशी. रक्ताच्या तपासण्या करू, आणखी काही कारण नाही ना ते बघू. पण कडकपणा नाही. यकृत अजून मऊ आहे. या वयात ते माघारी वळतं. औषधाची गोळी नाही यावर. खाणं बदलायचं, लवकर जेवायचं, लवकर झोपायचं आणि अंग घामाने भिजेपर्यंत रोज खेळायचं."

"आणि कीर्तन?" ज्ञानदाने विचारलं. "बंद?"

"कोण म्हणालं? तू कीर्तनात नाचतेस की नाही?"

"नाही. बाबा म्हणतात, उभं राहून बोलायचं. फेटा पडतो."

डॉक्टरांनी महाराजांकडे पाहिलं आणि महाराजांनी जमिनीकडे.

बाहेर आलो तेव्हा ओवरीच्या दारात पाच बाया पोरं घेऊन उभ्या होत्या. आणखी तिघी येत होत्या. दहा वाजले, पुढचा विणेकरी आला आणि मी मोकळी झाले. साडेअकराची न्याहरी पंचांनी साडेबारावर नेली. ते आजोबा दोन नातवंडांना दंडाला धरून स्वतःच घेऊन आले होते. यादीतली चौदाही झाली, यादीबाहेरची नऊ झाली.

पण खरी परीक्षा संध्याकाळी होती. महाराजांचं कीर्तन. मंडप भरलेला, तीन गावांची माणसं. सकाळची गोष्ट एव्हाना सगळीकडे गेली होती आणि लोक कीर्तनापेक्षा महाराजांचा चेहरा वाचायला आले होते. मी मागे खांबाला टेकून बसले. मनात म्हटलं, हे नाही बोलले तरी यांचा राग धरायचा नाही. लेक आली, पुरे.

महाराज उभे राहिले. नमन झालं. चालीचा गजर झाला. निरूपणाला सुरुवात करायच्या जागी ते थांबले आणि हातातले टाळ त्यांनी खाली ठेवले.

"माझ्या लेकीच्या यकृतावर चरबी आहे," ते म्हणाले. "माझ्याही आहे. तिच्यापेक्षा जास्त. दारूमुळं नाही. ज्याला तोंड हुंगायचं असंल त्यानं पुढं यावं, मी बसतो."

मग अगदी मागून, मंडपाच्या कनातीपाशी उभ्या असलेल्या बबन वाघचौऱ्याचा आवाज आला, "आयला महाराज, मंग एवढी वर्षं मीच एकटा बदनाम व्हय?"

अख्खा मंडप हसला. महाराजही हसले, डोळे पुसत हसले. "तूही ये बबन, तपासून घे. तुझं काय स्वच्छ निघणार नाही, पण आपण दोघं एका रांगेत तर बसू. आणि ऐका रे सगळे. उद्यापासून माझ्या लेकीच्या तोंडात कोणी पेढा घालायचा नाही. प्रेम उतू जात असंल तर तिला पळवा. तुमच्या पोरांबरोबर पळवा."

मग ते तिच्याकडे वळले. ज्ञानदा नेहमीच्या जागी, पुढे, फेटा बांधून बाहुलीसारखी उभी होती.

"फेटा सोड," ते म्हणाले. "टाळकऱ्यांच्या ओळीत जा. पावली धर, नाच."

पुढे काय काय झालं ते सांगत बसले तर वेळ पुरायचा नाही. आठ महिन्यांनी तिचा आकडा दोनशे एकतीसवर आला. मानेवरचा पट्टा फिका होत गेला. महाराजांचा आकडा उतरायला दोन वर्षं लागली आणि तेवढा काळ ते रोज माझ्यावर रागावून चालायला जायचे. आज ज्ञानदा एकवीस वर्षांची आहे आणि स्वतःची कीर्तनं स्वतःच ठरवते. पण मला दिसते ती त्या शुक्रवारची ज्ञानदा. वेण्या सुटलेली, गाल लालबुंद, टाळकऱ्यांच्या दोन ओळींच्या मध्ये. दोन पावलं पुढे, एक मागे, उडी. ताल चुकत होता, श्वास पुरत नव्हता, हाताला धरून बसवायला कोणी आलं की ती हात झटकत होती. त्या संध्याकाळी ती दमून तीनदा खाली बसली आणि तीनही वेळा कोणी न सांगता उठली.